रॅकमागचा होकार

कामाला निघताना मी पिशवी दोनदा तपासते. पेनड्राइव्ह दोन, कारण एक ऐन वेळी हमखास रुसतो. टॉर्च, स्क्रू ड्रायव्हरचा डबा, स्वेटर, चहाचा थर्मास. त्या रविवारी दुपारी जेवण उरकलं, हे सगळं भरलं आणि घराला कुलूप लावलं. काम अगदी नेहमीचं होतं. गावाच्या टोकाला एक डायलिसिस केंद्र आहे, तिथल्या जुन्या सर्व्हरवर हायपरव्हायजर टाकून द्यायचा होता. आठवड्यात एकच दिवस तिथल्या खुर्च्या रिकाम्या असतात, तो रविवार. सोमवारी सकाळी सहाला पेशंटची पहिली तुकडी येणार, त्याआधी सगळं सुरू झालेलं हवं.

तुम्हाला या धंद्यातलं काही कळत नसेल तरी घाबरू नका, मी सोपं करून सांगते. एरवी एका मशिनवर एकच संसार असतो. हायपरव्हायजर नुसत्या लोखंडावर बसतो, त्याच्या खाली काही नसतं, आणि मग त्याच्या पोटात चार-पाच मशिनं राहायला येतात. खरी नव्हेत, भासाची. पण त्यांतल्या प्रत्येकाला वाटतं की हे अख्खं लोखंड आपलंच आणि इथे आपण एकटेच. शेजारी कुणी राहतंय याची त्यांना चाहूलही नसते. हे वाक्य मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना हसत हसत ऐकवत आले. गेली दोन वर्षं मी ते गाळते.

बावीस वर्षं हे काम आम्ही दोघं करायचो, मी आणि माझा नवरा. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायची आणि सर्व्हर रूममध्ये 'अरे'. तिथे अहो-जाहो करत बसलं तर तेवढ्यात भलतीच डिस्क उडायची, असं तो म्हणायचा. मला तो 'बाईसाहेब' म्हणायचा, रागावला तरी आणि लाडात आला तरी. मी बहुतेक वेळा पडद्यासमोर, तो रॅकच्या, म्हणजे सर्व्हरच्या लोखंडी कपाटाच्या, पलीकडे डिस्कांपाशी. त्याला गुडघ्याचा त्रास सुरू झाल्यावर कधी कधी आम्ही जागा बदलायचो.

आमचा एक नियम होता. अगदी सुरुवातीला एका फोटोवाल्याकडे आमच्या हातून चुकीची डिस्क पुसली गेली होती. अकरा वर्षांची लोकांची लग्नं त्यात होती. तो माणूस ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसता स्टुलावर बसून राहिला. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, एकट्याने काही पुसायचं नाही. पडद्यासमोरच्याने डिस्कच्या नंबरातले शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचायचे. डिस्कांपाशी उभ्या असलेल्याने डिस्कच्या तोंडावर चिकटवलेल्या पट्टीवरचे तेच आकडे शोधायचे आणि उलटे म्हणून दाखवायचे. उलटे अशासाठी, की पोपटासारखं ऐकलेलं परत म्हणता येऊ नये, डोळ्यांनी बघावंच लागावं. मग पहिल्याने विचारायचं, "पुसू?" आणि दुसऱ्याने म्हणायचं, "हो, पूस." या 'हो'शिवाय बोट खाली जायचं नाही.

बावीस वर्षांत हा खेळ आम्ही किती हजार वेळा खेळलो असू, देव जाणे. अर्ध्या झोपेतही माझ्या तोंडून आकडे उलटे यायचे.

दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला आणि वाचाच गेली. अकरा दिवस दवाखान्यात तो नुसता बघत होता. सगळं सांगायचं असल्यासारखा बघायचा आणि एक अक्षर फुटायचं नाही. बाराव्या दिवशी गेला. मग मी वेड्यासारखी त्याचा आवाज शोधत सुटले. आम्ही कसले रेकॉर्ड करतोय एकमेकांना, दिवसभर तर बरोबर असायचो. फोनमध्ये एकच निरोप सापडला, चौदा सेकंदांचा. 'बाईसाहेब, येताना मार्कर पेन आणा, माझं वाळलंय. आणि छत्री विसरू नका, इकडे धो धो सुरू आहे.' बस, एवढंच. रोज सकाळी चहा टाकला की मी तो निरोप एकदा ऐकते, एकदाच, झिजेल अशी उगीच भीती वाटते म्हणून. माझ्या मुलीला हे माहीत आहे. ती दुसऱ्या गावी असते आणि दर रविवारी फोनवर म्हणते की आई, आता पुरे, एकटीने त्या खोल्यांमधून फिरू नकोस, माझ्याकडे ये. मी म्हणते बघू. खरं सांगू का, घरापेक्षा त्या खोल्या बऱ्या. निदान पंखे तरी घुमत असतात.

तर, त्या केंद्रावर सिस्टरने दार उघडलं. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, बोलघेवडी बाई, अंगावर निळा एप्रन.

"या मॅडम. चहा घेणार?"

"आणलाय मी. तुम्ही इथेच आहात ना?"

"वर आहे. रविवारी तिथले पाण्याचे फिल्टर धुवायचे असतात. काही लागलं तर जिन्यातून हाक मारा, फोन वर लागत नाही."

मोठ्या हॉलमध्ये बारा खुर्च्या ओळीने मागे रेलून पडल्या होत्या, प्रत्येकीवर घडी घातलेली चादर. भरदुपारचं ऊन खिडक्यांतून त्या चादरींवर आलं होतं. हॉल ओलांडला की बोळ, बोळाच्या शेवटी सर्व्हरची खोली. तिला खिडकी नाही. पूर्वी तिथे पाण्याचे फिल्टर ठेवत असत, अजून भिंतींना पोपडे आहेत. दार लावलं की दुपार बाहेर राहते. आतला एसी समोरच्या भिंतीला, म्हणून रॅकचं तोंडही तिकडेच, गार हवेकडे. दाराकडे त्याची पाठ. पडदा आणि कीबोर्ड दाराजवळच्या टेबलावर. टेबलाशी बसणाऱ्याला रॅकची नुसती पाठ आणि वायरींचा गुंता दिसतो. पलीकडे कोण उभं आहे ते दिसत नाही.

हा सर्व्हर आठ वर्षांपूर्वी आम्हीच बसवला होता. चार डिस्कांच्या तोंडावर त्याच्या हातच्या पट्ट्या होत्या, काळ्या मार्करने लिहिलेल्या, सातला मध्ये आडवी रेघ मारलेल्या. मी त्यांना हात लावला नाही, नुसती टॉर्च मारून पाहिली. पाचवी डिस्क मी नवी आणली होती, हायपरव्हायजरसाठी. ती खाचेत सरकवली, खट् आवाज झाला, हिरवा दिवा लागला. खोक्यावरचा नंबर वहीत लिहिलेला होता. जुन्या मालाची, म्हणजे केंद्राच्या सगळ्या नोंदींची, नक्कल बाहेरच्या डिस्कच्या पेटीत उतरवली आहे ना ते तपासलं. मग टेबलाशी येऊन स्वेटर चढवला, पेनड्राइव्ह लावला आणि मशिन चालू केलं.

सुरुवातीला पंखे जोरात ओरडतात, मग खाली बसतात. पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या. स्वागत आलं, एंटर दाबला. अटी आल्या, त्या आजवर कुणी वाचलेल्या नाहीत, मीही मान्य केल्या. मग मशिन आपल्या अंगावर काय काय आहे ते चाचपत बसलं आणि डिस्कांची यादी पुढे आली. पाचही एकाच मापाच्या. फरक फक्त शेवटच्या चार आकड्यांचा. त्यांतल्या चारांत केंद्राची आठ वर्षं होती. कुणाचं वजन किती, कुणाची नस कुठल्या हाताला, कुणाला कुठलं औषध चालत नाही.

मी वहीत पाहून पडद्यावरची खूण नव्या डिस्कवर नेली आणि सवयीने मोठ्याने म्हटलं, "सात, दोन, चार, नऊ."

कुणाला म्हटलं? कुणालाच नाही. तो गेल्यापासून मी असंच करते. आकडे म्हणायचे, मनात पाचपर्यंत मोजायचं, मग बोट खाली न्यायचं. मोजेपर्यंत पंख्यांचा आवाज ऐकायचा, एवढाच माझा नियम उरला आहे.

तीनपर्यंत मोजलं असेल.

"नऊ... चार... दोन... सात."

रॅकच्या पलीकडून आलं ते. हळू, गार हवेबरोबर सरकत आल्यासारखं. प्रतिध्वनी म्हणाल तर प्रतिध्वनी आकडे उलटे करत नाही.

तुम्हाला खोटं वाटेल, पण तोंड आपोआप पुढचा शब्द बोलून गेलं. "पुसू?"

"हो... पूस."

आणि मी दाबलं. पडद्यावर टक्के चढू लागले. तो आवाज त्याचाच होता, याबद्दल मला त्या क्षणी तिळमात्र शंका नव्हती. बावीस वर्षं ऐकलेला आवाज. मी खुर्चीत तशीच बसून राहिले, हात मांडीवर, आणि वीस टक्के झाल्यावर मला आठवलं की नव्या डिस्कला मी पट्टीच चिकटवलेली नाही. तिच्या तोंडावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

उठले. टॉर्च घेतली. भिंत आणि रॅक यांच्यामधून अंग चोरून पलीकडे गेले. कुणी नव्हतं. एसीचा झोत चेहऱ्यावर आला. चार जुन्या पट्ट्या आणि पाचवी जागा कोरी. फक्त वास होता... मार्करचा, टोपण नुकतंच काढल्यासारखा, तिखट. त्याच्या पट्ट्या आठ वर्षं जुन्या होत्या.

शहाण्या बाईने तिथूनच जिना गाठला असता. मी परत टेबलाशी येऊन बसले. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्या भीतीच्या वर दुसरीच एक भीती होती, की मी बाहेर गेले तर तो जाईल.

"अरे," मी म्हटलं, "मागे आहेस?"

पलीकडून आलं, "आहे."

मला रडू फुटलं. दोन वर्षं घरात कुणी 'आहे' म्हटलं नव्हतं मला. मी नाक पुसलं आणि सुरू झाले. काय काय सांगितलं म्हणून विचारू नका. मोरीचा नळ गळतोय ते सांगितलं. मुलगी बोलावते आणि मला जावंसं वाटत नाही ते सांगितलं. चहा अजून दोन कप होतो आणि एक ओतून द्यावा लागतो ते सांगितलं. मध्येच तिकडून 'हं' यायचं. तोही असाच होता, काम करताना 'हं'च्या पुढे जायचा नाही. म्हणून मला त्यात काही खटकलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली, आणि ती मी मुद्दाम बाजूला सारली. आवाज खालून येत होता. गुडघ्याच्या उंचीवरून, डिस्का जिथे आहेत तिथून. माझा नवरा उंच माणूस, दारातून वाकून जायचा. मी मनाशी म्हटलं, गुडघा दुखतोय, बसला असेल खाली.

इन्स्टॉल झालं. पेनड्राइव्ह काढला, मशिन परत सुरू झालं, हायपरव्हायजर आपल्या पायावर उभा राहिला. त्याला पत्ता दिला, पासवर्ड दिला. मग त्याच्या पोटात पहिलं भासाचं मशिन तयार केलं आणि केंद्राचा सगळा माल त्यात उतरवायला लावला. यात नुसती वाट बघायची असते. साठ टक्के, एकसष्ट टक्के. मी थर्मास उघडला. दोन्ही हातांनी कप धरून बसले होते, अंगात जरा ऊब येत होती. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी सुखात होते.

"बाईसाहेब."

"काय रे?"

"तीन, शून्य, आठ, एक."

"एक, आठ, शून्य, तीन," मी म्हटलं. कप ओठांशी होता.

"पुसू?"

"हो, पूस."

बोलून झालं आणि मग माझं मला ऐकू आलं. तीन शून्य आठ एक असा नंबर त्या पाचांत नव्हता. त्या खोलीतल्या कुठल्याच वस्तूवर नव्हता. आणि विचारणारा पलीकडे होता, जिथे ना पडदा, ना कीबोर्ड, ना पुसायला काही.

"अरे... कुठली? कुठली पुसतोयस तू?"

खोलीतले सगळे पंखे एकदम थांबले. एसीसुद्धा. दिवे तसेच लागलेले, पडद्यावरचे टक्के तसेच चढत होते, पण आवाज नावाची गोष्टच नव्हती. एक श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ. मग सगळं पुन्हा घुमू लागलं.

त्यानंतर मी त्याला हाका मारल्या. आधी हळू, मग न लाजता मोठ्याने. 'अरे'ही म्हटलं, 'अहो'ही म्हटलं. शेवटी सिस्टर वरून उतरून दारात आली.

"मला हाक मारलीत का मॅडम?"

"नाही... झालंच आहे माझं."

काम चोख झालं होतं. पेशंटची यादी उघडून दाखवली, तिने दोन-चार नावं तपासली, खूश झाली. बाहेर अजून ऊन होतं. मी घरी आले, चपला काढल्या आणि सकाळपर्यंत थांबायचा नियम मोडून निरोप लावला.

चौदा सेकंद. पाऊस ऐकू आला, धो धो. मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला, तो ऐकू आला. कुणीतरी दार आपटलं, तेही. त्याचा आवाज नव्हता. जिथे 'बाईसाहेब' असायचं तिथे नुसता पाऊस पडत होता.

पुन्हा लावलं. दहादा लावलं. मग मुलीला पाठवलं आणि फोन केला.

"ऐक आणि सांग काय ऐकू येतंय."

"आई, काय झालं? बाबांचा निरोप आहे हा." तिचा आवाज ओला झाला. "मार्कर पेन, छत्री... स्पष्ट ऐकू येतंय की. तुझा फोन बिघडला असेल."

"दुसऱ्या एखाद्या फोनवर लाव. हा फोन त्याच्याजवळ धर."

तिने लावला. तिच्याकडून मला पाऊस ऐकू आला.

कानाच्या डॉक्टरांनी मशिनवर तपासलं. म्हणाले, तुमचे कान तिशीतल्या बाईचे आहेत. मी त्यांना पुढचं सांगितलं नाही. कारण गोष्ट नुसत्या निरोपाची नव्हती. मला तो आठवेनाच. चेहरा आठवतो, हात आठवतात, सातला मारलेली रेघ आठवते, काय म्हणायचा ते शब्दन्‌शब्द आठवतं. कसा म्हणायचा ते गेलं. जाड होता का आवाज, घोगरा होता का, बोलताना शेवटी वर जायचा का खाली? डोळे मिटून मी त्याला बोलायला लावते, त्याचे ओठ हलतात, आणि पाऊस पडतो. मघापासून मी तुम्हाला तो काय काय बोलला ते सांगते आहे ना, ते मी लिहिलेलं वाचून दाखवावं तसं सांगते आहे. त्या खोलीत आलेला आवाज त्याचाच होता असं मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. आता ताडून बघायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

मी स्वतः 'हो' म्हटलं होतं. जबरदस्ती कुणी केली नव्हती. विचारलं आणि मी दिलं.

गुरुवारी राहवलं नाही. नव्या डिस्कला पट्टी लावायची राहिली, असं निमित्त काढून केंद्रावर गेले. मनात एकच होतं, त्या टेबलाशी बसायचं, आकडे म्हणायचे आणि तो जे कोण असेल त्याच्याकडून परत मागायचं. सकाळचे अकरा वाजले होते. बाराही खुर्च्या भरलेल्या, कुणी झोपलेलं, कुणी छताकडे बघत पडलेलं, मशिनं संथ फिरत होती. सिस्टर मला बघून लगबगीने आली आणि बोळातून माझ्याबरोबर चालू लागली.

"बरं झालं आलात मॅडम. विचारणारच होते. नव्या मशिनला तुम्ही आवाजपण बसवलाय का हो?"

माझे पाय थांबले.

"कसला आवाज?"

"पुरुषाचा आहे. सोमवारपासून येतोय. चार आकडे म्हणतो आणि विचारतो, पुसू का म्हणून. पहिल्यांदा आम्ही लक्षच दिलं नाही, तर बंदच होईना. सारखं आपलं तेच. पेशंटला झोप लागेना. मग मीच दार उघडून 'हो' म्हटलं, तर गप्प! आता कुणीही म्हणतं. आठवण करून देणारं असेल ना काहीतरी ते?"

"आकडे उलटे म्हणता तुम्ही?"

"उलटे? नाही बाई. नुसतं हो."

म्हणजे आता त्याला उलट्या आकड्यांचीही गरज उरली नव्हती. 'हो' मिळालं की पुरे, हे तो माझ्याकडून शिकला होता.

"किती जणांनी म्हटलंय?" मी विचारलं.

"सगळ्यांनीच. डॉक्टरांनीसुद्धा एकदा." ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू थांबलं. "का, काही चुकलं का?"

मला तिला ओरडून सांगायचं होतं. पण आधी तोंडातून दुसरंच बाहेर पडलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "सिस्टर, आवाज कसा आहे तो? मला सांगा ना. जाड आहे का? मऊ आहे?"

ती विचार करू लागली. "मऊच म्हणायचा. समजूतदार माणसाचा असतो ना, तसा. शेवटी जरासा..." आणि तिने मान सर्व्हरच्या खोलीकडे वळवली. "हे बघा, आत्तासुद्धा बोलतोय. ऐका ना."

मी ऐकलं. जीव कानांत आणून ऐकलं. बंद दारामागे पंखे घुमत होते, बाकी काही नव्हतं.

"सिस्टर, नका! काही बोलू नका..."

"हो," ती खांद्यावरून म्हणाली, दारातल्या माणसाला सहज सांगावं तसं.

हॉलमधली मशिनं एक श्वासभर मुकी झाली आणि परत फिरू लागली. एकाही पेशंटने डोकं उचललं नाही. सिस्टर माझ्याकडे वळून काही विचारणार, एवढ्यात तिच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला. तिने तो काढला. पडद्यावर फोटो होता, तिचा स्वतःचा, आणि तिच्या गालाला गाल लावून हसणारी दोन वेण्यांची सहा-सात वर्षांची मुलगी. खाली लिहिलं होतं 'पिल्लू'.

सिस्टर त्या फोटोकडे बघत राहिली. कपाळाला आठी पडली.

"कुणाची आहे ही?" तिने मला विचारलं. तिने फोन कापला आणि खिशात ठेवला, आणि तो पुन्हा वाजायला लागला.